बाग कुठवर बुडेल, ते आधी ठरवा
ओढ्याकाठच्या बागांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की पुण्याच्या उपनगरांत सार्वजनिक बागेसाठी सलग जागा उरली असेल तर ती आता ओढ्यांच्या काठीच, आणि तिथे बाग करायची तर बरीचशी नेहमीची कामं टाळायची आहेत. त्यावर पत्रं आली, मेल आल्या. एका गृहस्थांनी ‘बाई, तुम्हाला विकासच नको आहे’ असं ठणकावलं. हवा आहे हो. तो एका पावसाळ्यापुरता नको, इतकंच. उभी नोकरी उद्यानांचे आराखडे काढण्यात गेली, त्यामुळे उद्घाटनाच्या फोटोतली बाग आणि पाच वर्षांनंतरची बाग यांतला फरक पाहायची सवय झाली आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. पत्रं थोडक्यात केली आहेत आणि नावं गाळली आहेत, कारण बहुतेकांत शेजाऱ्यांविषयी मजकूर जास्त होता.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागून ओढा जातो. ओढा आणि आमचं कुंपण यांच्यामध्ये बागेसाठी आरक्षित अशी लांबट पट्टी आहे. तिथे काम व्हायचंय : दोन्ही काठांना काँक्रीटच्या सीमाभिंती, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, हिरवळ, कारंजं आणि गझिबो (चारही बाजूंनी उघडी छपरी). आराखडा नोटीस बोर्डावर लावला आहे. आम्ही काय सूचना कराव्यात? (सोसायटीचे सचिव, सहकारनगर)

उत्तर : त्या आराखड्यावर आधी ओढ्याची रुंदी शोधा. आजची आणि काम झाल्यानंतरची. दोन्ही आकडे नसतील तर मागून घ्या. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान निघाला तर कारंज्याचा रंग आणि बाकांची संख्या यावर बैठकीत वेळ घालवू नका, तिथेच अडून बसा.

तुम्ही सहकारनगरचे, म्हणजे २५ सप्टेंबर २०१९ची रात्र तुम्हाला मी सांगायला नको. कात्रजकडून आलेलं पाणी आंबिल ओढ्यात मावलं नाही. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, पुढे दांडेकर पुलापर्यंत ते घराघरांत शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. जागोजागी सीमाभिंती कोसळल्या. लोकांना वाटतं, भिंत पाण्याच्या लोंढ्याने पडते. तशीही पडते, पण बऱ्याचदा ती मागून पडते. भिंतीमागची भराव माती भिजून जड होते, तिच्यातलं पाणी बाहेर यायला भोकं ठेवलेली नसतात किंवा बुजलेली असतात. तेवढ्यात पुढून वाहणारं पाणी पाया उकरत असतं. मग एक पाच-सहा मीटरचा तुकडा आडवा होतो आणि त्यातून सगळा ओढा आत येतो. शिवाय दोन गुळगुळीत भिंतींमध्ये पाणी जोरात पळतं. तुमच्या मागचं पाणी लवकर जातं हे खरं, पण ते लवकर पोचतं कुणाकडे? खालच्या वस्तीकडे. ती वस्ती बहुधा तुमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांची असते.

मी तुमच्या जागी असते तर काठ उतरता मागितला असता, पायऱ्यापायऱ्यांचा. सगळ्यात खालची पायरी बुडण्यासाठीच ठेवायची. तिथे गवत, निर्गुडी, वाळुंज. मधल्या पायरीवर मुरमाची पायवाट आणि दगडी बाक, जे वर्षातून एकदोनदा पाण्याखाली गेले तरी धुऊन पुसून पुन्हा बसता येतं. खेळणी, स्वच्छतागृह, विजेचा पॅनेल, माळ्याची खोली हे सगळं सर्वांत वर. विजेच्या पॅनेलचं पुन्हा सांगते, कारण दर आराखड्यात तो खाली, गेटाजवळ सोयीचा म्हणून काढलेला असतो. जिथे उतार द्यायला जागाच नाही तिथे गॅबियन घाला, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड. पाणी त्यातून झिरपतं, माती थोडी खचली तर जाळी वाकते पण एकदम पडत नाही, आणि दोन पावसाळ्यांत फटींमधून झाडोरा उगवतो.

पाणी कुठवर येतं हे कळायला संगणक लागत नाही. ओढ्यात उतरा (उन्हाळ्यात, चांगले बूट घालून) आणि काठच्या झाडांकडे पाहा. फांद्यांत प्लास्टिकच्या चिंध्या, गोणपाटं, कुणाचा तरी ओढणीचा तुकडा अडकलेला दिसेल. त्या चिंध्यांची सर्वांत वरची उंची खडूने कुंपणाच्या भिंतीवर उतरवून घ्या. तिच्याखाली महागाचं काहीही ठेवू द्यायचं नाही. आमचे एक जुने मुकादम होते, ते नवीन इंजिनिअर साहेबांना पहिल्या दिवशी हेच दाखवायला न्यायचे. साहेब नाक दाबून उभे राहायचे, पण त्यांचे आराखडे सुधारायचे.

पेव्हर ब्लॉकला माझा विरोध आहे, तो सौंदर्याचा नाही. खालची वाळू पाण्याने निघून गेली की ब्लॉक डुगडुगतात आणि सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं त्यावरच पडतात. मुरूम दाबून केलेली वाट दरवर्षी दुरुस्त करावी लागते, पण ती दुरुस्ती दोन माणसं एका दिवसात करतात. कारंजं कुठल्या पाण्याचं? ओढ्याचं असेल तर तुम्ही मैलापाण्याचे तुषार श्वासात घेणार. टँकरचं असेल तर मार्चमध्ये बंद पडणार. आणि गझिबो पुण्यात नक्की कुणाला हवा असतो हे मला आजवर समजलेलं नाही. पाऊस आला की चारही बाजूंनी भिजवतो, ऊन असलं की शेजारचं करंजाचं झाड त्याच्यापेक्षा बरं.

पलीकडे जायला पूल दाखवला असेल तर तो एकाच उडीत पलीकडे गेला पाहिजे, मध्ये खांब नको. नळ्या टाकून वर काँक्रीट ओतलेला कल्व्हर्ट तर अजिबात नको. नळ्यांत एक गादी अडकली, की त्या पुलाचं धरण होतं.

प्रश्न : आमच्याकडे ओढा म्हणजे गटारच आहे. वास आणि डास यांमुळे खिडक्या उघडता येत नाहीत. बाग केली, पाणी शुद्ध करणारी झाडं लावली, तर वास जाईल का? एक कंपनी बाटलीतले जिवाणू ओतून तीन महिन्यांत पाणी स्वच्छ करून देते म्हणते. (एक आजी, धायरी)

उत्तर : नाही जाणार, आजी. स्पष्टच सांगते.

आपले बहुतेक ओढे मुळात पावसाळी. पावसाळ्यात वाहायचे, हिवाळ्यात झिरपायचे, चैत्रात डबकी उरायची. आता ते बारमाही झालेत ते आपल्या बाथरूममुळे. एप्रिलमध्ये तुमच्या ओढ्यात जे वाहतंय ते जवळजवळ सगळं सांडपाणी आहे. ते ओढ्यात येतं दोन वाटांनी. काही इमारतींचं, वस्त्यांचं सांडपाणी मैलावाहिनीला जोडलेलंच नसतं, थेट सोडलेलं असतं. आणि दुसरी वाट जास्त संतापजनक : मैलावाहिनी आहे, पण ती टाकलीय ओढ्याच्या पात्रातूनच, कारण उतार आयता मिळतो आणि जागा कुणाच्या मालकीची नाही असं समजतात. पावसाळ्यात दगडगोटे आदळून तिचे चेंबर फुटतात, पावसाचं पाणी आणि वाळू आत शिरते, पुढे ती तुंबते आणि उन्हाळाभर चेंबरमधून ओढ्यात वाहत राहते. सकाळी सातच्या सुमाराला काठाने चाला, त्या वेळी सगळी घरं अंघोळीला उठलेली असतात. जिथून पाणी येतं ते भोक सापडेल. त्याचा फोटो, जवळच्या इमारतीची किंवा विजेच्या खांबाची खूण आणि तारीख, एवढं क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. ‘ओढा घाण आहे’ या तक्रारीला उत्तर येत नाही. ‘अमुक खांबासमोरचा चेंबर फुटला आहे’ याला द्यावं लागतं.

झाडांचं म्हणाल, तर पाणकणीस, नळ, कर्दळ या वनस्पतींच्या मुळांशी जिवाणू वाढतात आणि ते सांडपाण्यातली घाण काही प्रमाणात पचवतात, हे खरं. पण त्याला जागा लागते आणि पाणी संथ रेंगाळावं लागतं. एका सोसायटीचं, पूर्वप्रक्रिया केलेलं पाणी अशा वाफ्यांतून नेता येईल. सबंध उपनगराचं मैलापाणी वीस फुटी ओढ्यात दोन ओळी कर्दळ लावून साफ होत नसतं. बाटलीतल्या जिवाणूंविषयी कंपनीला एकच विचारा : रोज वरून नवीन मैला येत असताना चौथ्या महिन्यात काय? उत्तरात दुसरी बाटली निघेल.

डासांबद्दल मात्र ओढ्याची थोडी बाजू घेते. घाण साचलेल्या पाण्यात वाढतात ते क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतात, झोप मोडतात. डेंगीचा एडिस वाढतो तो घरातल्या आणि गच्चीतल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात : कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, फेकलेला टायर. डेंगी झाला की सगळी सोसायटी ओढ्याकडे बोट दाखवते आणि मनीप्लँटच्या बाटलीकडे कुणी पाहत नाही.

प्रश्न : आम्ही चिंचवडला राहतो. सासू-सासरे आणि दुसरीतली मुलगी यांना घेऊन पाण्याकाठची बाग बघायला यायचं आहे. मॉल नको. कुठे जावं? (एक गृहिणी, चिंचवड)

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘मॉल नको’ मला फार आवडला.

ओढ्याची बाग म्हणून पुण्यात पहिलं नाव घ्यायचं ते कोरेगाव पार्कातल्या ओशो तीर्थ उद्यानाचं. जुने लोक अजून नाला पार्क म्हणतात. सुमारे १२ एकरांची जागा, मधून नाला, आणि त्याच्या दोन्ही काठांना झाडी. ओशो आश्रमाच्या पुढाकाराने हा उजाड काठ हिरवा झाला. तिथे गेल्यावर हिरवळीपेक्षा वाटेकडे लक्ष द्या. ती नाल्याच्या वळणाबरोबर वळते, नाल्याला सरळ करून आखलेली नाही. कुठे बांबू इतके दाट आहेत की चार पावलांवर रस्ता आहे हे विसरायला होतं. मात्र ही बाग सकाळी आणि दुपारनंतर ठरावीक वेळातच उघडी असते, निघण्याआधी वेळ विचारून घ्या.

सासू-सासऱ्यांसाठी मी एम्प्रेस गार्डन सुचवीन. रेसकोर्सच्या पलीकडची ही बाग ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया सांभाळते, थोडं तिकीट आहे. इतके जुने वृक्ष शहरात एका ठिकाणी क्वचितच दिसतील, आणि झाडावरून झाडावर गेलेल्या जाडजूड वेली पाहून तुमची मुलगी नक्की थांबेल. आतून ओढा वाहतो, पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांची पोरं त्यात पाय बुडवून मोठी झालीत. जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं, त्या दिवसांत गर्दी आवडत असेल तरच जा.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे खरं तर ओढ्याचं नाही. ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर १० एकरांत केलेली ती जपानी पद्धतीची बाग आहे आणि तिच्यात कालव्याचं पाणी खेळवलेलं आहे. तरी जा, कारण वाहतं पाणी उतारावरून कसं फिरवावं हे तिथे समजतं. हिरवळीवर पाय ठेवला की पहारेकरी शिट्टी वाजवतात. दुसरीतल्या मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तासभर शिट्ट्याच ऐकाल.

तुम्हाला बाग नको, नुसता काठ चालेल असं असेल तर पाषाणला या. रामनदी भूगाव, बावधनकडून येते, पाषाण तलाव भरते आणि पुढे सोमेश्वरवाडीतून बाणेर, औंधला जाऊन मुळेला मिळते. तलावावर सकाळी लवकर पक्षी बघा आणि मग सोमेश्वराच्या देवळात जा. दगडी देऊळ, भरपूर सावली, आणि शेजारी नदी. सासूबाईंचं दर्शन होईल, सासऱ्यांचं बसणं होईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर एखाद्या रविवारी सोलापूर रस्त्यावरच्या कवडी पाटाला. तिथे मुळा-मुठेच्या फेसाळ, वास मारणाऱ्या पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या बसलेल्या असतात. एवढ्या दूरवरून येऊन त्यांना हेच पाणी बरं कसं वाटतं, असं मुलगी विचारील. तिला सांगा, घाणीत किडे भरपूर असतात आणि पक्षी खाण्यामागे जातात.

पावसाळ्यात एक पथ्य पाळा. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस लागला असेल, तर ओढा तासाभराने तुमच्यापर्यंत फुगून येतो. पाणी एकदम गढूळ झालं, त्यावर काड्या-पाचोळा आला, की मुलीला हाताशी धरून काठ सोडायचा.

प्रश्न : ओढ्याच्या काठी कोणती झाडं लावावीत? आमच्या गटाला रोपवाटिकेतून गुलमोहर, सप्तपर्णी आणि पाम फुकट मिळत आहेत. (निसर्गप्रेमी गट, वारजे)

उत्तर : फुकट मिळतात म्हणून लावू नका. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, कळंब, आणि झुडपांत निर्गुडी. करंज आणि वाळुंज पाण्यात दोन दिवस उभे राहिले तरी काही बिघडत नाही. उंबराची मुळं काठ धरून ठेवतात आणि त्याची फळं खायला इतके पक्षी, वटवाघळं येतात की पुढची लागवड तेच करतात. पात्राच्या आत एकही रोप लावायचं नाही, प्रवाह अडतो आणि नालेसफाईचं मशीन ते पहिल्या फेरीत उपटून टाकतं. आधीपासून सुबाभूळ असेल तर ती एकदम तोडायला जाऊ नका. परवानगी लागते, आणि काठ उघडा पडला की माती वाहून जाते. खाली देशी रोपं मोठी होऊ द्या, मग परवानगी काढून टप्प्याटप्प्याने काढा. झाडाच्या बुंध्याला काँक्रीटचं कडं करण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी मी या मासिकात छापता येईल अशा भाषेत लिहू शकत नाही.

प्रश्न : आमच्या घराजवळच्या ओढ्यात मासे आहेत का? आई म्हणते नाहीत, मी पाहिलेत. (इयत्ता चौथी, पाषाण)

उत्तर : तू पाहिलेत म्हणजे आहेत. बहुधा गप्पी मासे असतील, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते मुद्दाम सोडतात आणि मळक्या पाण्यातही ते जगतात. तिथेच एखादा तपकिरी, मान आखडून बसलेला पक्षी दिसला तर तो ढोकरी. तो उडाला की एकदम पांढरा दिसतो. आणि लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा असेल तर शेकाट्या. आईला घेऊन जा आणि पुलावरूनच बघा, खाली उतरू नकोस. मासे सापडले की आईला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव.

प्रश्न : आमची ओढ्याच्या कडेला जमीन आहे. गाव महापालिकेत गेलं. शेजारची जमीन घेतलेला बिल्डर म्हणतो, ओढा थोडा वळवून पाइपात टाकू, तुमचीही जागा वाढेल, वर बाग करून देऊ. कागदोपत्री हे चालतं का? (शेतकरी, आंबेगाव परिसर)

उत्तर : दादा, तुमची जागा वाढणार नाही, कारण ओढ्याची जागा तुमची नाही आणि त्याचीही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० वाचून घ्या. नद्या, ओढे, नाले यांची पात्रं ही, कुणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर, राज्य शासनाच्या मालकीची असतात. सातबारावर ओढा दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा आणि गटाचा नकाशा काढा, त्यावर ओढ्याची नागमोडी रेघ असेल. ती आजच्या जागेवर चालत जाऊन पडताळा. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी यांसारखी त्यांतली बरीच गावं ओढ्यांच्या उगमाकडची आहेत. वर जे कराल ते खाली पूर्ण शहराला भोगावं लागतं, म्हणून लांबण लावते.

आता बागेचं. पूररेषा दोन असतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे, पण बाग, हिरवळ, मोकळी जागा, ओट्यांवरची उघडी मंडई अशा गोष्टी चालतात. म्हणजे पाण्याच्या जागेत बाग करायला कायदा आडवा येत नाही. पण ही सवलत पाण्याच्या जागेतल्या बागेला आहे, पाणी पाइपात कोंबून वर केलेल्या बागेविषयी तिच्यात काही नाही. पाइपाचं माप कुणीतरी ठरवतं, ते माप नेहमीच्या पावसाचं असतं, आणि एकदा पाइप पुरला की आत साठलेला गाळ दिसत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये पाषाणला ढगफुटी झाली तेव्हा रामनदीला कुणी ‘तुझं माप काय’ विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पेशव्यांनी नाही का आंबिल ओढा वळवला? वळवला. पण त्यांनी तो पाइपात नाही घातला. पाण्याला दुसरी प्रशस्त वाट दिली आणि पर्वतीखाली तळं केलं. त्या तळ्यातल्या बेटावरचा गणपती म्हणजे तळ्यातला गणपती, आणि पुढे तळं जाऊन तिथे झाली ती सारसबाग. कात्रजचे तलावही त्याच काळातले. पाणी वळवायचं तर आधी साठवायला जागा दिली पाहिजे, एवढा हिशेब अठराव्या शतकात पुण्यात लोकांना येत होता. तुमच्या बिल्डरला विचारा, तळं कुठे करतोयस? तो जागेची किंमत सांगेल, तुम्ही चहा पिऊन उठा.

प्रश्न : ओढ्याकाठी बाग झाली, पण संध्याकाळी सातनंतर तिथे टोळकी बसतात. बायका जात नाहीत. रहिवासी म्हणतात उंच भिंत घाला, एकच गेट ठेवा, दुपारी बंद ठेवा. (महिला मंडळ, कोथरूड)

उत्तर : तिन्ही गोष्टींच्या उलट करा. उंच भिंतीमुळे रस्त्यावरून आत काही दिसत नाही, म्हणून तर ती टोळक्यांना आवडते. कमरेएवढं कुंपण, आरपार दिसणारं. लांबट बागेला एकच गेट म्हणजे मध्यावर काही झालं तर दोन्हीकडे पळायला वाट नाही. दर शे-दीडशे मीटरवर गल्लीत उघडणारं छोटं फाटक ठेवा, त्यातून लोक शाळेला, बसला जायला लागले की बाग आपोआप राखली जाते. दिवे वाटेवर, खाली वाकवलेले, पिवळसर. ओढ्याच्या बाजूला प्रखर दिवे लावू नका, तिकडे रात्री राहणारे जीव आहेत आणि उजेडात उभ्या माणसाला पलीकडच्या अंधारातलं आणखीच दिसत नाही.

दुपारचं बोलायचं तर आपल्याकडच्या बहुतेक बागा नेमक्या उन्हात बंद असतात. सावलीची गरज कुणाला असते? दोन घरच्या कामांमध्ये तासभर मोकळ्या झालेल्या बाईला, डबा खायला जागा शोधणाऱ्या वॉचमनला, खाण्याच्या पिशव्या पोचवणाऱ्या पोरांना. त्यांच्यासाठी बाक, पिण्याचं पाणी आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह ठेवा. दुपारी माणसं असलेल्या बागेत टोळक्यांचं ठाण मांडणं अवघड होतं. मंडळाने आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथेच भजन नाहीतर हास्यक्लब घेतला, तर उरलेलं कामही होईल.

प्रश्न : हे सगळं पटतं, पण आम्हा सामान्य लोकांचं कोण ऐकतं? सुरुवात कुठून करायची? (निवृत्त शिक्षक, कात्रज)

उत्तर : सर, सबंध ओढा मागू नका, शंभर मीटर मागा. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयं अर्ज मागवतात. छोट्या कामांसाठीच ती योजना आहे, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. पायवाटेला मुरूम, आठ दगडी बाक, राडारोडा टाकणाऱ्या ट्रकना अडवणारे लोखंडी खांब, फुटलेल्या चेंबरची झाकणं अशी कामं त्यात सुचवा. राडारोड्याच्या खांबांना पहिला क्रमांक द्या. रात्री एक ट्रक जेवढा भराव ओढ्यात टाकतो तेवढा काढायला पुढे मशीन आणावं लागतं, आणि भरावाने अरुंद झालेला काठ वर्षभरात सगळ्यांना तसाच असल्यासारखा वाटायला लागतो.

त्याबरोबर माहिती अधिकारात एक अर्ज करा. त्या शंभर मीटरवर गेल्या पाच वर्षांत नालेसफाई, सीमाभिंत आणि उद्यान या तीन नावांखाली काय काम झालं, कोणत्या तारखांना, किती रुपयांचं. मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदतात त्या वहीच्या, प्रती मागायला विसरू नका, कामाचा खरा ठावठिकाणा तिच्यात असतो. ही माहिती हाती आली की सभेत आवाज चढवावा लागत नाही. उद्यान, मलनिस्सारण आणि पावसाळी गटारं ही कामं वेगवेगळ्या खात्यांची. एकाचं काम दुसरं उखडतं, हे तिघांना एकाच वेळी ओढ्यावर उभं करून दाखवा. मे महिन्यात बोलवा, जूनमध्ये कुणी येत नाही. येताना त्यांना पुलावर नाही, खाली पात्राशी न्या. आणि प्रत्येक अर्जाची पोच शिक्का-तारखेसह घ्या. आवक क्रमांक हाताने लिहिलेला असेल तर मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा, ती शाई सहा महिन्यांत पुसट होते.